आवडीचा धंदा अडतो कुठं? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात बंद पडलेली गाडी ढकलत आणली तर मिस्त्री लगेच इंजिन खोलत नाही. आधी टाकीत पेट्रोल आहे का बघतो, मग प्लग काढून ठिणगी बघतो. निम्म्या गाड्या तिथंच चालू होतात. आवडीचा धंदा अडकला की मात्र माणूस थेट इंजिन खोलतो. "आपल्यात दमच नाही" किंवा "कोल्हापुरात मार्केट नाही" म्हणतो आणि मोकळा होतो.

मीही असाच इंजिन खोलून बसलो होतो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, पॅटर्न शॉपमध्ये अकरा वर्षं काढली. लाकडाचं वेड लहानपणापासूनचं, म्हणून नोकरी सोडली आणि फर्निचर करायला घेतलं. दीड वर्षात साठवलेले पैसे संपले. आज त्याच हातांनी एका छोट्या गाळ्यात फौंड्र्यांसाठी पॅटर्न करतो आणि घर व्यवस्थित चालतं. पॅटर्न म्हणजे ज्याच्याभोवती वाळू ठोकून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. लाकूड तेच, रंधा तोच, माणूसही तोच. मग आधी बिघाड कुठं होता, ते सांगतो.

वस्तू आवडते की तिच्यामागचं दिवसभराचं काम?

माझी सगळ्यात महागडी चूक ही, आणि आजूबाजूला सगळ्यात जास्त दिसते तीही हीच.

मला रंधा मारायला आवडतो, सांधे बसवायला आवडतात. त्यावरून मी ठरवलं की मला फर्निचरचा धंदा आवडेल. प्रत्यक्षात दिवस कसा जायचा? सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी माप, तिथून लक्ष्मीपुरीत बिजागऱ्या आणि हँडल, दुपारी प्लायवूडच्या दुकानात घासाघीस, संध्याकाळी न आलेल्या पॉलिशवाल्याला फोन. त्यात "वहिनींना रंग जरा गडद वाटतोय" म्हणून परत सगळं घासून काढायचं. हातात रंधा दिवसाला जेमतेम तासभर. उरलेला वेळ मी ज्या कामात होतो, त्यातलं एकही मला आवडत नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या हातचा तांबडा-पांढरा असा, की लग्नघरातून बोलावणं यायचं. सगळ्यांनी आग्रह करून त्यांना खाणावळ काढायला लावली. रस्सा करणं हे दोन-तीन तासांचं काम. खाणावळ म्हणजे पहाटे मटणाच्या दुकानात उभं राहणं, कांदा-खोबरं भाजून वाटणं, भांड्याला बाई आली नाही की स्वतः बसणं, पार्सलचे डबे मोजणं, आणि "महिन्याला देतो की मावशी" म्हणणाऱ्या पोरांची वही सांभाळणं. आठ महिन्यांत त्यांनी शटर ओढलं. आता त्या फक्त ऑर्डरवर रस्सा आणि मसाला करून देतात. कमाई खाणावळीपेक्षा फार कमी नाही, आणि चेहरा खुललाय.

म्हणून आवडीचं काय ते ठरवण्याआधी एक कागद घ्या. त्या धंद्यातला माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतो, ते तासांनी लिहा. अंदाजानं नको. आठ दिवस त्याच्या दुकानात, गाळ्यात, स्टुडिओत जाऊन बसा, फुकट राबा. फोटोग्राफी आवडते म्हणणाऱ्यानं एक लग्न हळदीपासून वरातीपर्यंत पायावर उभं राहून काढावं, आणि मग चार रात्री बसून फोटो निवडावेत. यादीतला कंटाळवाणा भागही तुम्हाला सोसत असेल तर पुढं चला. नसेल तर आवड सोडायचं कारण नाही. मावशींसारखा त्या धंद्यातला दुसरा तुकडा शोधायचा.

आपली ताकद आपल्याला दिसत नाही

फर्निचरच्या काळात जुन्या कंपनीतले मित्र संध्याकाळी फोन करायचे. "ह्या ड्रॉइंगात ड्राफ्ट किती ठेवू?" "पार्टिंग लाइन कुठनं घ्यावी?" पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ. मी पाच मिनिटांत सांगून टाकायचो. फुकट. त्याला काही किंमत असेल असं डोक्यातच आलं नाही.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेवढा पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. वर मशिनिंगला जादा माल सोडायचा, पॅटर्न वाळूतून निघताना साचा फुटू नये म्हणून भिंतींना उतार, म्हणजेच ड्राफ्ट, द्यायचा. अकरा वर्षं हेच केल्यामुळं मला वाटायचं, हे काय, सगळ्यांनाच येतं. जे आपल्याला सहज जमतं त्याला आपण काम समजतच नाही, आणि जे घाम काढतं त्यालाच कौशल्य म्हणतो.

शेवटी एकानं सुनावलं, "भावा, खुर्च्या कसल्या करत बसलायस? हितं आमचा पॅटर्न तीन आठवडं झालं अडकलाय." ती माझी पहिली ऑर्डर.

उपाय सोपा आहे. गेल्या वर्षभरातले फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप चाळा. कौतुकाचे मेसेज बाजूला ठेवा. "लय भारी", "नाद खुळा" लिहायला पैसे पडत नाहीत. लोक अडल्यावर तुमच्याकडं काय विचारायला आले, तेवढंच वहीत उतरवा. तोच प्रश्न चार वेगवेगळ्या माणसांनी विचारला असेल तर त्याला दर लावून बघा.

दर ठरवताना जुन्या पगाराकडं बघणं

मी तासाला २५० रुपये धरायचो. का? कारण पगाराचा हिशेब तसा पडत होता. पगारदार माणसाच्या डोक्यातून हा हिशेब जाता जात नाही.

नीट बसून मांडलं तेव्हा चित्र असं निघालं: घरखर्चाला ४० हजार, गाळ्याचं भाडं आणि लाइट मिळून ९ हजार, हत्यारं-ब्लेड-दुरुस्ती ५ हजार, आजारपण आणि रिकाम्या दिवसांसाठी ६ हजार. झाले ६० हजार. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. पण त्यातले बिलात लावता येण्यासारखे किती? माल आणणं, चौकशीला उत्तर देणं, पोचवणं, वसुलीला हेलपाटे, हे सगळं वजा जाता माझ्याकडं ११० उरले. ६० हजार भागिले ११०, म्हणजे ५४५ रुपये. मी निम्म्याहून कमी दरात राबत होतो आणि वर काम भरपूर आहे म्हणून खूश होतो.

तुमचे आकडे वेगळे येतील, भागाकार तोच राहील. आणि पाहुण्यांचं काम? आमच्याकडं "आपलाच माणूस हाय की" हा दर नसून हल्ला असतो. मी आता दोनच गोष्टी करतो: पूर्ण दर, किंवा पूर्ण फुकट. अर्ध्या दरात केलेल्या कामाची सगळ्यात जास्त तक्रार येते, हा माझा पक्का अनुभव.

काम आहे, पण हातात पैसा नाही

इथं बिघाड बहुतेक वेळा टाकीत असतो. आपल्या जिल्ह्यात पैसा उसाच्या चालीनं चालतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण "बिल आलं की देतो" ही ओळ ऐकली नाही असा धंदेवाला कोल्हापुरात सापडायचा नाही. त्याच्या जोडीला "गणपती होऊ दे" आणि "दिवाळीला बघू".

पावसाचंही तसंच. चप्पल लाइनला जाऊन विचारा, चामड्याच्या कोल्हापुरीला जून ते सप्टेंबर कसे जातात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकानं उत्साहानं ऑनलाइन विक्री सुरू केली. नेमकी पावसाच्या तोंडावर. माल भारी होता, पण चार महिने तो माळ्यावरच राहिला. आपल्या धंद्याचे सुके महिने कोणते, हे कॅलेंडरवर आधी खुणा करून ठेवा आणि तेवढ्या महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू नका.

वसुलीचं माझं तंत्र: ४० टक्के आगाऊ, बाकीचे माल उचलताना. मोठी कंपनी असेल तर हे चालत नाही, तिथं कायदा कामाला येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही चक्रवाढ. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र याचा आधार नाही. तक्रार करायची सोय आहे, पण खरं सांगू का, तक्रार केली की ते गिऱ्हाईक संपलं. मी फक्त बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, आणि "४५ दिवस" ठळक छापतो. मार्चअखेर अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात दाखवता येत नाही, असा आयकराचा नियम आहे. त्यामुळं मार्च जवळ आला की हल्ली त्यांचाच अकाउंटंट मला फोन करतो.

एकट्यानं सगळं ओढणं

स्वतःचा धंदा म्हणजे सगळं स्वतः करणं, हा गैरसमज. कोल्हापूरकराला तर हे उदाहरण घरचंच आहे. १ जून १९२९ ला इथं प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली ती पाच जणांची. शांतारामबापूंकडं दिग्दर्शन, फत्तेलालांचा हात कलादिग्दर्शनात, दामले यंत्रात आणि पुढं बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणात, धायबर कॅमेऱ्यामागं. पाचवे सीताराम कुलकर्णी सराफ. त्यांनी भांडवल घातलं. बाकीचे चौघं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. कलेत कुणी कमी नव्हतं. तरी पाचवा लागलाच.

तुम्हाला भागीदार लागेलच असं नाही. मला लागला नाही. पण हिशेबाची वही मी तीन वर्षं स्वतः लिहिली आणि तीन वर्षं ती चुकली. आता महिन्याला थोडे पैसे देऊन एका ताईंकडून लिहून घेतो. आपल्याला जे जमत नाही ते शिकत बसण्यापेक्षा, ज्याला ते आवडतं त्याला दिलेलं परवडतं.

कागद: थोडक्यात

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि ती फुकट आहे. कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर तो तुमच्या आळसाचे पैसे मागतोय.

जीएसटीची मर्यादा आपल्याकडं वस्तूंना वर्षाला ४० लाख आणि सेवांना २० लाख उलाढालीची. पण निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर असली तरी राज्य दुसरं. वस्तू सीमेपलीकडं विकायच्या तर, काही हस्तकलेच्या वस्तूंची सूट सोडता, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मी मर्यादेच्या खूप खाली असताना स्वतःहून घेतली, कारण फौंड्र्यांना जीएसटीचं बिल नसलं की कामच द्यायचं नसतं. घरगुती गिऱ्हाईक असेल तर घाई करू नका.

घरातून मसाले, लोणची, डबे विकणाऱ्यांनी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी करावी. घरचं आहे म्हणून सूट नाही. सुतार, चर्मकार, सोनार, कुंभार, शिंपी अशा १८ पारंपरिक कामांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. हत्यारांना १५ हजार रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्क्यांनी एक लाखापर्यंत कर्ज. हत्यारांचे पैसे जरूर घ्या. कर्ज मात्र तिसरं गिऱ्हाईक परत आल्यावर. पहिल्याच्या जोरावर घेतलेलं कर्ज मी फेडलंय, म्हणून सांगतो.

तरी गाडी चालू होत नसेल तर

चौकशा येतात, ऑर्डर होत नाही: दर बदलण्याआधी उत्तर किती तासांनी देता ते बघा. माझी निम्मी कामं फक्त त्याच दिवशी आकडा सांगितल्यामुळं आली आहेत.

गिऱ्हाईक एकदा येतं, परत येत नाही: कामापेक्षा तारखेत चूक असते. चार दिवस म्हणायचं असेल तिथं सहा म्हणा आणि पाचव्या दिवशी द्या.

काम, पैसा सगळं ठीक, पण सकाळी गाळ्यावर जावंसं वाटत नाही: हा बिघाड उशिरा येतो आणि हिशेबात दिसत नाही. आवडीची प्रत्येक गोष्ट विकायला काढली की हे होतं. त्यातलं काहीतरी विकायचं नाही असं ठरवून ठेवा.

मी दरवर्षी बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, भाचरांसाठी लाकडी बैल करतो. मापाशिवाय, ड्रॉइंगशिवाय, उरलेल्या सागवानाचे. अंगणात मांडले की येणारा-जाणारा कुणीतरी विचारतोच, "जोडी कितीला देणार?" मी म्हणतो, गाळ्यावर या, पॅटर्नचा दर सांगतो.