मालिका बंद पडली म्हणून कॉमिक काढताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पोरगं फाईल घेऊन नागपूरच्या धरमपेठेत माझ्याकडे येतं. आवडती भुताची मालिका संपलेली असते आणि तिचा पुढचा सीझन यानं कॉमिकमध्ये काढलेला असतो. कल्पना मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. पण पहिली चार पानं चाळली की त्याच चुका, बहुधा त्याच क्रमानं. तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहून ठेवतोय.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे पान उलटायचं असतं हेच विसरणं. टीव्हीवर दचकवायला आवाज असतो, अचानक बदलणारं दृश्य असतं. कागदावर तुमच्याकडे फक्त वाचकाचा अंगठा आहे. आपली पुस्तकं डावीकडून उजवीकडे वाचली जातात, म्हणून पान उलटल्यावर आधी दिसतं ते डावं, सम आकड्याचं पान. उजव्या पानावर भूत ठेवलंत तर डावं वाचतानाच ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतं आणि सगळी मजा जाते.

हे मी मार खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एका वाड्याची चोवीस पानी भूतकथा छापली. तेराव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त कठड्यावरचा मुलीचा हात. पान उलटलं की चौदाव्यावर ती, जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठमोरी बसून केस विंचरणारी. छपाईच्या आदल्या रात्री मला पहिल्या पानावरचं ‘मागील भागात’ रटाळ वाटलं. उडवलं. शेवटी जे पान रिकामं राहिलं तिथे मित्राच्या ओळखीतल्या संत्रा बर्फीवाल्याची जाहिरात लावली, चार पैसे सुटले म्हणून खूश झालो. अंक हातात आल्यावर भाच्यानं मधूनच उघडला, डाव्या पानाचं एक अक्षर न वाचता उजवीकडे बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मामा, हे भूत आहे का?’ चौदावं पान तेरावं झालं होतं. पाचशे प्रतींमध्ये ती बाई आधीच येऊन बसलेली.

तेव्हापासून सहा कोरे ए-फोर कागद मधोमध दुमडून चोवीस पानांची वही करतो. प्रत्येक पानावर पेन्सिलनं एकच ओळ, दचका डाव्या पानाच्या पहिल्या चौकटीत. मग ती वही तर्री पोह्याच्या ठेल्यावर गोष्ट माहीत नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत बसायचं. तर्री सांडते. सांडू द्यावी. ‘आम्ही स्क्रीनवरच पानं लावतो’ म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांचा अंक छापून येऊ द्यावा. फोनवर खाली सरकवत वाचायच्या उभ्या पट्टीत मात्र पानाचं काम दोन चौकटींमधली मोकळी जागा करते, तिथे कंजुषी नको.

दुसरी चूक, फुकटचं बजेट. मालिकेत राक्षस महाग पडतो म्हणून दिग्दर्शक दार करकरवतो, दिवा घालवतो. कॉमिकमध्ये शाईचाच काय तो खर्च, की सुटले! एकानं तिसऱ्याच पानावर फुटाळा तलावाच्या पाण्यातून अकरा वेताळ वर काढले होते. विचारलं तर म्हणतो, ‘काका, कॉमिकमध्ये तं फुकटच आहे ना.’ म्हटलं, ‘काहून बे, वाचकाचा वेळ फुकट आहे का?’

या खड्ड्यात मोठेही पडलेत. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकन मालिका सात सीझन आणि १४४ भागांनंतर २००३ मध्ये टीव्हीवर संपली. २००७ पासून डार्क हॉर्स या कॉमिक प्रकाशनानं तिचा आठवा सीझन कॉमिकमध्ये काढला, मूळ निर्माता जॉस व्हेडनच्याच देखरेखीखाली, ४० अंक. एक गोष्ट त्यांनी फार नेटकी केली. टीव्हीवरच्या शेवटच्या भागात सनीडेल गाव जमिनीत गडप झालं होतं आणि बफीची पिशाच्चं मारायची शक्ती जगभरच्या मुलींना मिळाली होती. कॉमिकनं यातलं काही पुसलं नाही, तिथूनच गोष्ट उचलली. पण टीव्हीला न परवडणारं सगळंही आत शिरलं: स्कॉटलंडमधला किल्ला, मुलींची फौज, घराएवढी वाढलेली बहीण डॉन. नवव्या सीझनमध्ये बफी सॅन फ्रान्सिस्कोत कॉफी शॉपमध्ये नोकरी करताना दिसते, तेव्हा मला हायसं वाटलं. मी पोरांना अंकामागे एकच महागडी चौकट देतो. उरलेल्या चौकटी मालिकेच्या पैशात बसल्या पाहिजेत.

स्क्रीनशॉटवरून चेहरे गिरवू नका. नट हुबेहूब उतरतो, पण तो पुतळा असतो, पुढच्या चौकटीत मान वळवायची वेळ आली की पितळ उघडं पडतं. मी प्रत्येक पात्राच्या तीन खुणा ठरवतो, म्हणजे वाकडा भांग, चष्म्याची दोरी, उजवा खांदा खाली, आणि पाठमोरं काढलं तरी ओळखू येतंय का ते बघतो. एआयकडून चौकटी काढून आणणारे तर मला दारातच कळतात. एकाच पानावर नायिकेला चार बहिणी असतात.

‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असं तळाला छापलं की अंक विकता येतो, ही शुद्ध थाप आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालिकेच्या चित्रीकरणाचा कर्ता निर्माता. त्याची लेखी परवानगी नसेल तर विकायच्या भानगडीत पडू नका, आणि नटाच्या चेहऱ्याची परवानगी वेगळी घ्या.

भुताचे नियम वहीत लिहा: उंबरा ओलांडतं का, कुणाला दिसतं, कशाला भितं. मालिकेत कुंकवाच्या रेघेपाशी थबकणारी हडळ तुमच्या दुसऱ्या अंकात स्वयंपाकघरात फिरत असेल, तर वाचक तुम्हाला सोडणार नाही.

मेलेल्याला पहिल्याच अंकात जिवंत करू नका.

‘पार्श्वभूमीला भयाण संगीत’ असं चित्रकाराला लिहून देणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही.

राहिली अक्षरं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात, म्हणून संवादाच्या फुग्यात ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. जोडाक्षरं फुटत असतील तर फाँटला शिव्या घालण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू आहे का ते बघा. दहापैकी आठ पोरांचं दुखणं तिथेच असतं. आणि किंकाळीतले अवग्रह मोजा. ‘आऽऽऽ’ पुरे, सात-आठ झाले की बाई आलाप घेतेय असं वाटतं.