बेलग्रेडमध्ये बास्केटबॉल बघायला जाताय? आधी हॉल कोणता ते बघा

तिकिटावर संघांची नावं वाचून निघू नका, हॉलचं नाव वाचा. 2004 मध्ये सुरू झालेला मोठा अरेना, म्हणजे आजचा 'श्टार्क अरेना', सावा नदीपलीकडे नव्या बेलग्रेडमध्ये आहे. 1973 चा जुना हॉल नदीच्या अलीकडे. या जुन्या हॉलला 2016 मध्ये प्रशिक्षक अलेक्सांदर निकोलिच यांचं नाव दिलं, पण लोक अजून 'पियोनिर'च म्हणतात. त्यामुळे रस्ता विचारताना तेच नाव घ्या. शहरातली बस-ट्राम 2025 पासून मोफत आहे, टॅक्सीचा खर्च कशाला? आणि हो, तिथल्या सर्बियन भाषेत 'सेवेर' म्हणजे उत्तर, 'युग' म्हणजे दक्षिण! स्टँडच्या पाट्या वाचताना उपयोगी पडतं.