मेनफ्रेमला दुसरा ओएसए जोडण्याआधी

मेनफ्रेमच्या झेड-ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर दुसरा ओएसए (नेटवर्क कार्ड) अ‍ॅडॉप्टर चालू करायचा असेल तर आधी परतीची वाट बघून ठेवा. ज्या नेटवर्कवरून आपण टीएसओत (झेड-ओएसच्या लॉगिन सेशनमध्ये) बसलेलो असतो, त्यालाच हात घालायचा असतो. टीसीपी-आयपी पडला तरी चालणारा एमव्हीएस कन्सोल (सिस्टिमला थेट आज्ञा देण्याची जागा) किंवा एचएमसी (मेनफ्रेमचं हार्डवेअर सांभाळणारा वेगळा संगणक) हाताशी हवा. पासवर्ड चालतो का, ते त्याच दिवशी लॉगिन करून बघा.

मग हार्डवेअर. सीएचपीआयडी (कार्डाच्या चॅनेलचा क्रमांक) ओएसडी प्रकारचा आहे ना, डिव्हाइस ऑनलाइन आहेत ना? व्हीटॅम या नेटवर्क सॉफ्टवेअरच्या टीआरएलईत (कार्डाच्या डिव्हाइसांची नोंद) रीडचा अ‍ॅड्रेस सम आणि राइटचा त्याच्या लगेच पुढचा लागतो. तिथलं पोर्टनेम आणि टीसीपी-आयपी प्रोफाइलच्या (सेटिंगच्या फाइलच्या) इंटरफेस स्टेटमेंटमधलं पोर्टनेम अक्षरन् अक्षर जुळवा. दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर घेऊ नका, केबलीही वेगवेगळ्या स्विचवर न्या. नाहीतर दोन अ‍ॅडॉप्टर घेऊन उपयोग काय? लोकांना जोडायला पत्ता मात्र व्हीआयपीएचाच (व्हर्च्युअल आयपी पत्ता) द्या, कारण तो कुठल्याच कार्डाला बांधलेला नसतो.

आता रूट्स, म्हणजे पॅकेटं जायच्या वाटा. इथे मी एकदा पोळलोय. रात्री दोन वाजता ओबेफाइलमध्ये (चालू टीसीपी-आयपीची सेटिंग बदलणारी फाइल) फक्त नवा रूट लिहून दिला. आधीच्या रूट्समध्ये त्याची भर पडेल, असं गृहीत धरलं होतं. पण ओबेफाइलमधला बिगिनरूट्स (रूट्सची यादी सुरू करणारं स्टेटमेंट) आधीचे सगळे स्टॅटिक रूट्स काढून टाकतो. डिफॉल्ट रूट गेला, समोरचा ३२७० (मेनफ्रेम टर्मिनल) स्क्रीन जिथल्या तिथे गोठला, आणि मी धावत कन्सोलवर गेलो. तेव्हापासून नेटस्टॅट कमांडच्या रूट, होम आणि डेव्हलिंक्स या पर्यायांचं आउटपुट आधीच डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये) ठेवतो, ओबेफाइलमध्ये जुने-नवे सगळे रूट्स लिहितो, आणि फक्त जुन्या रूट्सची दुसरी ओबेफाइल तयार ठेवतो. तुम्हीही ठेवा.

दोन डिफॉल्ट रूट लिहिले म्हणजे लोड वाटला गेला असं समजू नका. प्रोफाइलच्या आयपीकॉन्फिग स्टेटमेंटमध्ये मल्टिपाथ सांगितलं नाही तर पहिलाच रूट वापरला जातो. सांगाल तेव्हा परकनेक्शन (एका कनेक्शनला एकच रूट) सांगा. परपॅकेटमध्ये (प्रत्येक पॅकेटला आळीपाळीने रूट) पॅकेटं क्रम सोडून पोचतात.

एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) नेटवर्कवाल्यांना विचारूनच लिहा. स्विचवर जंबो (मोठ्या आकाराच्या) फ्रेम चालू नसताना ८९९२ लिहिलं तर साधं पिंग जातं, एफटीपीचं लॉगिनही होतं, आणि मोठी फाइल पाठवताना सगळं अडकतं. म्हणून पिंग मोठ्या लांबीचंही करा.

चेंज विंडो संपायच्या आत, एक टर्मिनल सेशन चालू ठेवून, पहिल्या ओएसएची केबल खरोखर काढायला लावा. सेशन टिकलं तर केबल परत लावून दुसरीची काढा. दोन्ही वेळा टिकलं, की तोच बदल कायमच्या प्रोफाइलमध्ये त्याच रात्री लिहा, कारण ओबेफाइलने केलेलं पुढच्या आयपीएलला (सिस्टिम पुन्हा सुरू केल्यावर) उरत नाही.