आगीची युट रस्त्यावर आणायची तर: न्यू साउथ वेल्समधली नोंदणी

‘आग लागल्यावर नंबर प्लेट कोण बघतो?’ युटवर (मागे उघडा ट्रे असलेली हलकी गाडी) पाण्याची टाकी आणि पंप चढवून शेतावरची आग विझवायला निघालेल्याला हा सल्ला ऑस्ट्रेलियातल्या शेती असलेल्या प्रत्येक गावात फुकट मिळतो. ऐकायचा आणि सोडून द्यायचा. आग कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या पॅडकमध्ये, म्हणजे शेतात, शिरली की तिच्यामागे तुम्हीही सरकारी रस्त्यावर येता. धुरात समोरचा माणूस दिसला नाही, तर प्रश्न नंबर प्लेटपुरता उरत नाही. रेगो (नोंदणी) नसलेल्या गाडीला बहुधा ग्रीन स्लिपही (माणसांच्या इजेचा सक्तीचा विमा) नसते आणि ग्रीन स्लिपशिवाय कुणी जखमी झालं, तर भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. फेब्रुवारी 2017 मध्ये डनेडूजवळच्या सर आयव्हन आगीत सुमारे 55,000 हेक्टर जळालं. एवढ्या आगीत कुणाची गाडी आपल्याच बांधाच्या आत राहते?

हे सगळं न्यू साउथ वेल्सपुरतं आहे. व्हिक्टोरियात ब्लू स्लिपऐवजी (गाडी रस्त्यालायक असल्याचा तपासणी दाखला) रोडवर्दी सर्टिफिकेट लागतं आणि ग्रीन स्लिप वेगळी घ्यावी लागत नाही. त्यामुळे मेलबर्नच्या मित्राने सांगितलेली पद्धत इथे चालवू नका.

गाडी घेण्याआधी 2 डॉलर खर्च करून पीपीएसआरवर (तारण मालमत्तेची सरकारी ऑनलाइन नोंदवही) तिचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तपासा. लिलावात स्वस्त मिळालेली युट ‘स्टॅच्युटरी राइट-ऑफ’ (कायद्याने कायमची बाद) निघाली, तर ती पुन्हा कधीच नोंदली जाणार नाही. ‘रिपेअरेबल’ (बाद, पण दुरुस्त होण्याजोगी) लिहिलेलं असलं तरी या राज्यात तिची नोंदणी मोजक्या अपवादांतच होते.

पुढची कागदपत्रं सोपी आहेत. अधिकृत तपासणी केंद्रातून ब्लू स्लिप, मग ग्रीन स्लिप, मग ओळखीचा आणि मालकीचा पुरावा घेऊन सर्व्हिस एनएसडब्ल्यू, म्हणजे राज्य सरकारचं सेवा केंद्र. ब्लू स्लिप 42 दिवस चालते. शेतकरी असाल तर प्रायमरी प्रोड्युसरची सवलत मागून घ्या. बंद पडलेल्या रेगोची गाडी तपासणीला चालवत न्यायची असेल, तर आधी तात्पुरता परमिट काढा.

घोडं पेंड खातं ते वजनापाशी. मीही इथेच अडकलो होतो, कारण सगळे पंपाबद्दल आणि होजच्या लांबीबद्दल बोलतात, जीव्हीएमबद्दल कुणी बोलत नाही. जीव्हीएम म्हणजे माणसं, डिझेल आणि सामान धरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. माहितीपत्रकातलं ‘एक टन पेलोड’ विसरा. त्या आकड्यात तुमचा स्टीलचा ट्रे, बुलबार, विंच आणि मागे बसवलेला टूलबॉक्स धरलेला नसतो. दोन माणसं बसवून, टाकी डिझेलने भरून, युट धान्याच्या सायलोवरच्या नाहीतर टिपवरच्या (कचरा डेपोवरच्या) वजनकाट्यावर न्या. जो आकडा येईल तो जीव्हीएममधून वजा करा. उरेल तेवढंच तुमचं.

समजा जीव्हीएम 3,000 किलो आहे आणि काट्यावर 2,350 आले. उरले 650. पाण्याचा हिशेब सोपा, 1 लिटरला 1 किलो. 400 लिटर पाणी, त्यावर रिकामी टाकी, पंप, इंजिन, रील आणि होज मिळून 120 किलो धरा, फावडी, रेकहो (दाताळं आणि कुदळ एकत्र असलेलं अवजार), पेट्रोलचा कॅन, लोकरी ब्लँकेटं यांचे 50. झाले 570. आता 600 लिटरची टाकी घेऊन बघा. नुसत्या पाण्यालाच 600 जातात, उरलेल्या 50 मध्ये टाकी-पंपही बसत नाहीत. दुकानदार म्हणेल, मोठी घ्या, हवी तेवढीच भरा. अजिबात ऐकू नका. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि उतारावर गाडीच उलटवू शकतं. टाकी लहान घ्या, आत बॅफल (पाणी हेलकावू न देणारे आडपडदे) असलेली घ्या आणि काठोकाठ भरा. तिचं वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे येऊ द्या. एकूण वजन बसलं तरी मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी असते, म्हणून काट्यावर फक्त मागची चाकं चढवूनही एकदा मोजा.

खरंच जास्त पाणी हवं असेल तर जीव्हीएम वाढवून घेता येतो, पण तो प्रमाणित अभियंत्याकडून. नुसत्या जाड स्प्रिंगा टाकल्याने कागदावरचा आकडा बदलत नाही.

टाकी-पंपाचा सांगाडा चॅसिसला वेल्ड करू नका. काढता येणारा स्लिप-ऑन हा गाडीवरचा माल असतो, वेल्ड केला की गाडीतला बदल होतो आणि प्रमाणपत्रांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. पण ‘काढता येणारा’ म्हणजे सैल नव्हे. लोड रिस्ट्रेंट गाइडप्रमाणे (माल बांधण्याची सरकारी मार्गदर्शिका) बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 0.8 पट, आणि बाजूंना व मागे 0.5 पट जोर सहन करायला हवा. 570 किलोला पुढे सुमारे 456 किलो. बोल्ट किंवा साखळी आणि टर्नबकल (साखळी आवळायचा स्क्रू) वापरा. रॅचेट पट्टे पॉलिएस्टरचे असतात. आगीजवळ जाणाऱ्या गाडीवर ते बांधणारा माणूस काय विचार करतो, देव जाणे.

तपासणीला स्लिप-ऑन उतरवून जा. लाल-निळे फिरते दिवे आणि सायरन लावायचे नाहीत, ते फक्त आपत्कालीन वाहनांचे.

जुना ट्रक नेहमीच्या निकषांत बसत नसेल तर सशर्त नोंदणी विचारा. त्यात रस्त्यावरचा वापर अटींत लिहिला असेल तेवढाच, ग्रीन स्लिप तरीही लागते, आणि अटींचा कागद गाडीतच ठेवायचा. धडधाकट युटसाठी मात्र पूर्ण रेगोच घ्या, ती मेंढ्यांच्या कामालाही येते. आणखी एक, ट्रकचा जीव्हीएम 4.5 टनांच्या वर असेल तर साधं कार लायसन्स चालत नाही.

ग्रीन स्लिप माणसांच्या इजेपुरती असते. शेजाऱ्याचं कुंपण मोडलं तर ती उपयोगाची नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्या आणि गाडी आगीवर जाते हे विमा कंपनीला लेखी कळवा.

हे सगळं हिवाळ्यात उरका. आगीचा कायदेशीर हंगाम 1 ऑक्टोबर ते 31 मार्च, आणि सप्टेंबरअखेर गावातल्या मेकॅनिककडे सगळ्यांचीच रांग लागलेली असते. रेगो मिळाली की रुरल फायर सर्व्हिसच्या (राज्याचं ग्रामीण अग्निशमन दल) स्थानिक ब्रिगेड कॅप्टनला भेटा, गाडीत पाणी किती मावतं आणि तुम्ही सीबी रेडिओच्या कोणत्या चॅनलवर असता ते सांगून या. आगीवर पोचल्यावरही आधी त्यालाच कळवायचं, मग होज उघडायचा.