एआयकडून हवं तेच चित्र काढून घेण्यासाठी कामाचा क्रम कसा लावावा

एआयकडून चित्र मिळवणं सोपं झालंय, हवं तेच चित्र मिळवणं मात्र अजून कष्टाचं आहे. बहुतेक जण प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या असलेल्या चित्राचं शब्दांतलं वर्णन, टाकतात, आवडलं नाही की तो बदलतात आणि पुन्हा बटण दाबतात. ढीगभर चित्रं जमतात, पण कशामुळे काय बदललं ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे क्रम ठरवून घेणं: आधी लांबी-रुंदी आणि रचना, मग दुरुस्ती, चित्र मोठं करणं सगळ्यात शेवटी. इथली माहिती मुख्यतः स्टेबल डिफ्यूजन आणि फ्लक्स ही चित्रं काढणारी एआय मॉडेलं आपल्या संगणकावर चालवणाऱ्यांसाठी आहे. तयार ऑनलाइन सेवांमध्ये यातली काही सेटिंग्ज आपल्या हातात नसतात, क्रम मात्र तोच राहतो.

१. आधी आकार ठरवा

चित्र कुठे लागणार? मुखपृष्ठ असेल तर उभं, बॅनर असेल तर आडवं. मथळ्यासाठी मोकळी जागा हवी का? हे नंतरवर ढकलू नका, कारण लांबी-रुंदी बदलली की बाकी सगळं तसंच ठेवूनही रचना बदलते.

सुरुवातीलाच मोठं चित्र मागायचा मोहही टाळा. स्टेबल डिफ्यूजन १.५ हे ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चित्रांवर शिकलेलं आहे, तर त्याची नंतरची आवृत्ती एसडीएक्सएल १०२४ × १०२४ च्या आसपास. त्याहून बरंच मोठं मागितलं की एकाच माणसाला दोन डोकी फुटतात किंवा शेजारी त्याचा जुळा उभा राहतो. एसडीएक्सएलमध्ये उभ्या चित्रासाठी ८३२ × १२१६ हे माप चांगलं चालतं.

२. प्रॉम्प्ट लिहा

समजा, खिडकीशी वाचत बसलेली म्हातारी बाई हवी आहे. कोण, काय करतेय, कुठे, उजेड कुठून येतोय, चित्र कोणत्या माध्यमातलं, या क्रमाने लिहा. 'अप्रतिम', 'सुंदर' अशा विशेषणांपेक्षा 'डावीकडून येणारं सकाळचं ऊन, जलरंग' हे कितीतरी जास्त काम करतं.

या मॉडेलांसाठी प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहिलेला बरा. जुन्या स्टेबल डिफ्यूजनचं शिक्षण मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर झालंय आणि त्याचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी जेमतेम ७५ टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) घेतो. देवनागरी शब्दांचे बारीक तुकडे पडतात आणि ही मर्यादा चटकन संपते.

३. सीड पकडा, मग एकच गोष्ट बदला

सगळ्या कामातली कळीची पायरी हीच. डिफ्यूजन मॉडेल निव्वळ गोंगाटापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने चित्र साफ करत नेतं. तो सुरुवातीचा गोंगाट ज्या आकड्यावरून ठरतो, तो म्हणजे सीड. मॉडेल, प्रॉम्प्ट, सेटिंग्ज आणि सीड तेच ठेवले तर त्याच यंत्रावर जवळजवळ तेच चित्र पुन्हा मिळतं.

म्हणून आधी सीड मोकळा सोडून सात-आठ चित्रं काढा. निवडताना बोटं मोजत बसू नका. बाईची बसण्याची ढब, खिडकीची जागा, मान कुठे झुकलीय एवढंच बघा. एक पसंत पडलं की त्याचा सीड कायम करा. आता प्रॉम्प्टमधल्या 'सकाळ'ची 'संध्याकाळ' करून बघा. उजेड पिवळा झाला आणि बाई जागची हलली नाही, तर तो बदल ठेवा. खुर्चीच बदलली, तर मागे फिरा. एका वेळी दोन शब्द बदलले की दोष कुणाचा, हे कळत नाही.

स्टेप्स, म्हणजे गोंगाट साफ करण्याचे टप्पे, साधारण २० ते ३० पुरतात. सीएफजी म्हणजे प्रॉम्प्टला किती चिकटून राहायचं याचं माप. जुन्या मॉडेलांत ७ च्या आसपास ठीक. १५ वर नेलं तर रंग भडक होऊन जळल्यासारखे दिसतात.

४. बिघडलेला भागच दुरुस्त करा

एका वाकड्या हातासाठी अख्खं चित्र फेकून देऊ नका. इनपेंटिंगमध्ये, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच पुन्हा काढून घेण्याच्या सोयीत, हात आणि थोडं मनगट ब्रशने रंगवून निवडा आणि प्रॉम्प्ट तेवढ्या भागापुरता लिहा: 'पुस्तक धरलेला वृद्ध हात'. डिनॉइझिंगचा, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं याचा, आकडा ०.३ ठेवला तर किरकोळ डागडुजी होते, ०.७ च्या पुढे हात जवळपास नव्याने काढला जातो. फक्त निवडलेला भाग मोठा करून रंगवण्याचा पर्याय असेल तर तोच घ्या. दूरवरचे चेहरे त्यानेच सुधारतात. शरीराची ढबच चुकत असेल तर कंट्रोलनेटला, म्हणजे नमुन्यावरून ढब किंवा रचना पकडणाऱ्या जोडसाधनाला, नमुना म्हणून एखादा फोटो द्या.

चित्रातली अक्षरं मात्र या मॉडेलांवर सोपवू नका. जोडाक्षरांचे हमखास हाल होतात. मथळा नंतर फोटो-एडिटरमध्ये टाका.

५. शेवटी मोठं करा

रिअल-ईएसआरगॅनसारखं अपस्केलर, म्हणजे चित्र मोठं करणारं साधन, दुपटीने किंवा चौपटीने आकार वाढवतं, पण ते असलेलंच ठसठशीत करतं. सहावं बोट राहिलं असेल तर तेही ठसठशीत होऊन येणार.

६. मूळ फाइल जपा

ही मॉडेलं चालवणारी कम्फीयूआयसारखी साधनं प्रॉम्प्ट, सीड आणि सगळी सेटिंग्ज पीएनजी फाइलमध्येच लिहून ठेवतात. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की ही नोंद बहुधा पुसली जाते, त्यामुळे मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. चित्र व्यवसायासाठी वापरणार असाल तर मॉडेलचा परवानाही त्याच फोल्डरमध्ये टाका. फ्लक्स.१ चंच बघा: श्नेल आवृत्ती अपाचे २.० परवान्याखाली आहे, तर डेव्ह आवृत्तीचा परवाना बिगर-व्यावसायिक आहे.