जादूचा कॅट ऐन प्रयोगात दगा का देतो? या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी मंडळांत पत्त्यांच्या प्रयोगांना सर्वांत जास्त मागणी गणेशोत्सवात असते, आणि पत्त्यांसाठी वर्षातले सर्वांत वाईट दिवसही नेमके तेच असतात. भाद्रपदात हवा दमट असते, मांडवाखाली घाम येतो, आणि आठ दिवसांपूर्वी घरी सफाईने चाललेला कॅट दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात लोकांसमोर अडखळतो. अशा वेळी आपण हाताला दोष देतो आणि सराव वाढवतो. माझा अनुभव असा की, बहुतेक वेळा दोष कॅट ज्या रीतीने ठेवला आणि हाताळला त्या रीतीत असतो. साध्या कॅटला लाभणारे काही उपाय जादूच्या, म्हणजे प्रयोगासाठी खास बनवलेल्या, कॅटला मारक ठरतात, ही गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पत्ते चिकटू लागले की पावडर लावावी, हा सल्ला साध्या कॅटपुरता योग्य आहे. जादूगार वापरतात ती फॅनिंग पावडर म्हणजे झिंक स्टिअरेट. तिच्यामुळे पत्ते एकमेकांवरून सहज घसरतात. परंतु इन्व्हिजिबल डेकसारख्या कॅटमध्ये पत्त्यांच्या जोड्या असतात, आणि आतल्या बाजूंवर दिलेल्या खरखरीत थरामुळे त्या जोड्या पंखा उघडतानाही एकत्र राहतात. तिथे पावडर गेली की कॅटचा प्राणच गेला. ओल्या फडक्याने पुसणे किंवा टाल्कम पावडरच्या हातांनी सराव करणे, यांचाही परिणाम तोच होतो. जोड्या आपोआप सुटू लागल्या असतील, तर चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा मॅट ॲक्रिलिक वार्निशचा फवारा सुमारे तीस सेंटिमीटरवरून, फक्त खरखरीत हव्या असलेल्या बाजूंवर, अगदी पातळ मारावा आणि पत्ते सुटे पसरून पूर्ण वाळू द्यावेत. हे काम उघड्या हवेत पण कोरड्या दिवशी करावे. दमट हवेत मारलेला थर दुधाळ होतो आणि पत्त्यावर पांढुरके डाग उमटतात. म्हणून मी दर वर्षी ही दुरुस्ती मे महिन्यातच उरकून घेतो. याउलट नव्या कॅटमधल्या जोड्या अंगठ्याने ढकलूनही उघडत नसतील, तर थर घासून काढण्याची घाई करू नये. आठवडाभराच्या सरावाने तो आपोआप बसतो.

स्वेंगाली कॅटची तक्रार वेगळी असते. त्यात एकाआड एक पत्ता जेमतेम मिलिमीटरभर आखूड असतो, हे सगळे आखूड पत्ते एकसारखेच असतात, आणि फरफर सोडताना ते आखूड पत्ते लांब पत्त्यांआड लपतात. तेवढ्यात मधेच तोच तो पत्ता डोकावला, तर बहुतेक जण कॅट जुना झाला असे समजतात. खरे कारण बहुधा टेबलावर असते. ज्या टोकाकडून पत्ते सोडायचे तेच टोक टेबलावर आपटून कॅट सारखा केला, तर आखूड पत्ते त्याच टोकाला येऊन लांब पत्त्यांच्या बरोबरीने बसतात आणि फरक नाहीसा होतो. म्हणून आपटायचे ते नेहमी विरुद्ध टोक. एवढी एक सवय लागली की निम्म्या तक्रारी मिटतात.

पत्ता हा दोन कागद चिकटवून केलेला असतो आणि त्याच्या कापलेल्या कडांना कसलेही आवरण नसते. हवेतली ओल तिथूनच आत शिरते, कागद फुगतो, पत्ता कमानीसारखा वाकतो. वाकलेला कॅट उन्हात ठेवणे किंवा त्यावर इस्त्री फिरवणे ही घातक चूक आहे, कारण एक बाजू आधी सुकून वाक उलटा वाढतो आणि वरचे आवरणही खराब होते. त्याऐवजी कॅट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, वर सपाट वजन ठेवून, दोन दिवस ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारंगी दाणे हिरवे झाले की ते बदलावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात नारंगीच आणावेत. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत कॅट विसरणे हेही तितकेच वाईट.

एखादा पत्ता हरवला किंवा दुमडला की त्या जागी दुसरा घालण्याचा मोह होतो. आमच्या घरी पाहुण्यांनी एकदा माझ्या कॅटमधले पत्ते मेंढीकोटासाठी घेतले, आणि परत आलेला एक पत्ता दुसऱ्याच कॅटचा निघाला. मला ते प्रयोग चालू असताना कळले. जादूचे कॅट बहुधा पोकर आकाराचे, म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर रुंद असतात, तर बाजारात मिळणारे बरेचसे कॅट ब्रिज आकाराचे, सुमारे ५७ मिलिमीटरचे असतात. आकार जुळला तरी वेगळ्या वेळी छापलेल्या पाठीचा रंग किंचित गडद किंवा फिका निघतो, आणि नव्या कागदाचा वाकही जुन्यासारखा नसतो. कात्रीने पत्ता आखूड करून पाहणाऱ्यांना कोपऱ्याची गोलाई साधत नाही, आणि त्या कोपऱ्यावरच प्रेक्षकाची नजर जाते. माझे मत स्पष्ट आहे : स्वेंगालीतला एक पत्ता गेला, तर त्याचा जोडीदारही काढून ठेवावा. पन्नास पत्त्यांचा कॅट कोणी मोजत नाही.

स्ट्रिपर कॅट एका टोकाकडे किंचित निमुळता असतो, आणि उलटा फिरवलेला पत्ता रुंदीने बाहेर राहून बोटांना लागतो. प्रयोगापूर्वी तपासून न पाहणे ही यातली नेहमीची चूक. आधीच्या वेळचा एकच पत्ता उलटा राहिला, तरी बोटांना दोन पत्ते लागतात आणि चुकीचा हाती येतो. त्याहून मोठी चूक म्हणजे हा कॅट विचार न करता कोणाच्याही हाती पिसायला देणे. पाश्चात्त्य जादूगार ज्या पद्धतीला हिंदू शफल म्हणतात, तीच आपल्याकडच्या घराघरांतली पिसण्याची रीत आहे. तीत कॅट लांब कडांवर धरून थोडे थोडे पत्ते ओढले जातात. त्यामुळे आपल्या प्रेक्षकाची बोटे नेमकी रुंदीतला फरक जाणवेल तिथेच येतात. पिसायला द्यायचेच असेल, तर त्याच पाठीचा साधा कॅट जवळ ठेवावा आणि अदलाबदल आधी नीट बसवावी.

रबरबँड कधीही लावू नये, तो कडांवर खाच पाडतो. सेव उसळ खाल्लेल्या किंवा मोदकाचे तूप लागलेल्या हातांनी कॅटला स्पर्श करू नये. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओलसर हात तेलकट हाताइतकेच नुकसान करतात. स्वेंगालीत तर लांब पत्त्यांची टोके आधी मळतात आणि आखूड पत्त्यांची स्वच्छ राहतात, त्यामुळे बाजूने पाहिल्यास कॅटवर पट्टे दिसू लागतात. असे पट्टे दिसले की तो कॅट सरावासाठी ठेवून प्रयोगासाठी नवा काढावा.

प्रयोगाच्या जागी मी अर्धा तास आधी पोहोचतो, डबा उघडून कॅट तिथल्या हवेत पंधरा मिनिटे राहू देतो, मग विरुद्ध टोक आपटून एकदा फरफर सोडून पाहतो, आणि तेवढ्यात एखादा पत्ता डोकावला तर त्या दिवशी तो कॅट पिशवीतच राहतो.