तोरिई घराण्याची काबुकी-चित्रं बघताय? या चुका टाळा

तोरिई म्हणजे काबुकी या जपानच्या पारंपरिक नाटकातल्या नटांची, लाकडी ठशाने छापलेली चित्रं काढणारं चित्रकारांचं घराणं. पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. नटाचे पाय बघतात आणि म्हणतात, अरे याला माणूस काढता येत नव्हता का? पोटऱ्या टम्म फुगलेल्या, घोट्यापाशी एकदम बारीक, रेघ कुठे जाड कुठे पातळ अशी वळवळत गेलेली. पण हे मुद्दाम केलंय हो! जपानीत या पायांना ह्योतान-आशी म्हणजे भोपळ्यासारखे पाय आणि रेघेला मिमिझु-गाकी म्हणजे गांडूळ-रेघ असंच म्हणतात. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पहिल्या इचिकावा दान्जुरो या नटाने आरागोतो नावाचा रांगडा अभिनय गाजवला होता, पाय रोवायचा, डोळे वटारायचे आणि तसंच थिजून उभं राहायचं, तो जोर कागदावर आणायचा तर नाजूक रेघ काय कामाची? शिवाय घराण्याचा मूळपुरुष कियोनोबू (१६६४ ते १७२९), त्याचे वडील स्वतः ओसाकाचे नट, बायकांच्या भूमिका करायचे आणि थिएटरचे बोर्डपण रंगवायचे. म्हणजे लांबून नजरेत भरेल असं काढायची सवय घरातच होती.

चेहऱ्यावरून नट ओळखायला जाऊ नका, चेहरे जवळपास सारखेच असतात. बाही बघा. बाहीवर एकात एक तीन चौकोन दिसले, धान्य मोजायची चौकोनी मापं एकात एक ठेवून वरून बघितल्यासारखे, तर तो दान्जुरोच्या घराण्यातला. हे एकदा जमलं ना की मग चित्र वाचता येतं, मला तर यातच सगळ्यात जास्त मजा येते.

रंग रेघेबाहेर गेलाय म्हणून लगेच नकली समजू नका. सुरुवातीच्या चित्रांत फक्त काळी रेघ ठशाची, रंग हाताने भरलेला. गुलाबी-हिरवा ठशानेच छापणं १७४० च्या दशकात आलं. आणि केशरी रंग काळपट झालाय म्हणून तो पुसायला तर अजिबात जाऊ नका!! तो तान, म्हणजे आपला शेंदूरच, त्यात शिसं असतं आणि शिशाचे रंग काळाने काळवंडतात. गुलाबी बेनी करडईच्या फुलांचा, तो उजेडात उडतो, म्हणून असं प्रिंट खिडकीसमोर लावू नका. काळा रंग चमकणाऱ्या चित्रांना उरुशी-ए म्हणतात, या नावातला उरुशी म्हणजे लाख-रोगण, पण ती काळी चमक खरी सरसाची आहे.

नावांचा घोळ वेगळाच. कियोनोबू, कियोमासू, कियोमित्सू, सगळे कियो, त्यात तीच नावं पुढच्या पिढीने पुन्हा घेतलेली, त्यामुळे नुसत्या सहीवर विसंबू नका, कागदाचा आकार, रंग, नाटक कधीचं ते पण बघा. उंच सडपातळ सुंदऱ्या काढणारा कियोनागा बघून लोक म्हणतात हा तोरिई नाहीच. आहे! रक्ताचा नव्हता, शिष्य होता, पण १७८५ मध्ये गुरू कियोमित्सू गेल्यावर घराणं त्यानेच सांभाळलं, थिएटरच्या बोर्डांसकट. नटांचीच चित्रं काढणारा शाराकू हा चित्रकार मात्र तोरिई नाही, त्याची नटांची चित्रं १७९४-९५ ची.